पंचाच्या ताटातली ओवाळणी

गेल्या भाऊबीजेला थोरल्या ताईकडे जेवायला बसलो होतो. ओवाळून झाले होते, ताटात बासुंदीची दुसरी वाटी आली होती, आणि तेवढ्यात दाजींनी विषय काढला. दाजी म्हणजे ताईंचे यजमान. पेन्शनीत निघालेले, सकाळचे वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे गृहस्थ. कुठल्याशा निवडणुकीतल्या गोंधळाची बातमी त्यांनी वाचली होती. वाटी खाली ठेवून ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही काही म्हणा, या देशाला आता पुन्हा एक शेषन हवा!"

पंगतीतल्या सगळ्या माना हलल्या. व्याही मंडळींच्या हलल्या, भाच्याची हलली, वाढायला उभ्या असलेल्या धाकट्या वहिनींचीही हलली. मी मात्र म्हणालो, "नको."

पुढे जे झाले ते सणाच्या दिवशी होऊ नये असे होते. आवाज चढले. ताईने दोनदा "अरे, जेवा की!" म्हणून पाहिले. (बासुंदी मी सोडली नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.) निघताना दाजी म्हणाले, "नको म्हणता ते का, ते एकदा नीट लिहून काढा. तुम्ही कादंबरीकार ना?" तेव्हा वाचकहो, हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. तुमच्याही घरात एखादे दाजी असतीलच.

आधी शेषन यांच्या पदरात त्यांचे माप पुरते घालतो, म्हणजे मत्सराचा आरोप नको. तिरुनेल्लै नारायण अय्यर शेषन हे १९५५ च्या तुकडीचे सनदी अधिकारी. पस्तीस वर्षे त्यांनी फायली हाताळल्या. जंगल आणि पर्यावरण खात्याचे सचिव झाले, संरक्षण सचिव झाले, १९८९ साली मंत्रिमंडळाचे सचिव, म्हणजे नोकरशाहीच्या शिडीची शेवटची पायरी, तीही चढले. या पस्तीस वर्षांत तुम्ही-आम्ही त्यांचे नाव ऐकले होते काय? मी तरी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकले नव्हते, आणि त्यांना साऱ्या मंत्र्यांची नावे पाठ असत. १२ डिसेंबर १९९० रोजी ते मुख्य निवडणूक आयुक्त झाले, आणि बघता बघता पानपट्टीवरच्या पोरालाही शेषन कोण हे कळू लागले. भिंती रंगवणे थांबले, रात्री-अपरात्री कोकलणारे भोंगे थांबले, उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागू लागला, मतदाराला छायाचित्राचे ओळखपत्र मिळू लागले. आचारसंहिता त्यांच्या आधीही होती. १९६० सालच्या केरळच्या निवडणुकीपासून ती कोणत्या ना कोणत्या रूपात चालत आलेली होती. पण तिला कोणी भीत नसे, ते भिऊ लागले. १९९६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो योग्यच मिळाला.

इथपर्यंत दाजींचे आणि माझे एकमत आहे. पुढची गोष्ट दाजी सांगत नाहीत.

२ ऑगस्ट १९९३ रोजी याच शेषन यांनी एक हुकूम काढला. आयोगाचे अधिकार सरकार मान्य करीत नाही तोपर्यंत देशातल्या निवडणुकाच होणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. भांडण सरकारशी, आणि उपास मतदाराला! त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने दोन नवे आयुक्त त्यांच्या शेजारी आणून बसवले. शेषन कोर्टात गेले. १९९५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय कायम केला, आणि तेव्हापासून आयोग तीन माणसांचा झाला. एका माणसाच्या हाती सगळा दरारा असला म्हणजे तो दरारा कोणत्या दिवशी कोणावर कोसळेल याचा भरवसा नसतो, हे त्या दोन वर्षांत दिसले.

आणि त्याहून मोठे दुःख पुढचे. डिसेंबर १९९६ मध्ये ते खुर्चीवरून उठले. १९९७ च्या जुलैत ते राष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते. आपल्या महाराष्ट्रातल्या शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता, समोर के. आर. नारायणन होते, आणि निकाल एकतर्फी लागला. १९९९ साली काँग्रेसच्या तिकिटावर ते गांधीनगरातून लालकृष्ण अडवाणींविरुद्ध लोकसभेला उभे राहिले आणि पडले. काल ज्या पक्षांच्या उमेदवारांना ते वर्गाबाहेर उभे करत होते, त्यांच्यापैकी एकाच्या पाठिंब्यावर आणि एकाच्या तिकिटावर ते मते मागत होते. त्यांनी खुर्चीत असताना कोणाला झुकते माप दिले असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याजवळ काडीचा पुरावा नाही. पण क्रिकेटच्या सामन्यातला पंच सामना संपताच पॅड बांधून एका बाजूने फलंदाजीला उतरला, तर मागच्या सामन्यातला प्रत्येक निर्णय लोक पुन्हा उकरून काढतील की नाही? त्यात लोकांचा काय दोष?

मला दुसऱ्याच एका माणसाविषयी सांगायचे आहे. त्याचे नाव पंगतीत कोणाला ठाऊक नव्हते.

सुकुमार सेन. बंगाली गृहस्थ, लंडनच्या विद्यापीठात गणितात सुवर्णपदक मिळवलेले, १९२१ साली इंग्रजांच्या आय.सी.एस. मध्ये शिरलेले. म्हणजे राजाची चाकरी करण्यासाठीच घडवलेला माणूस. जिल्ह्यांत काम केले, न्यायाधीश झाले, स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालचे मुख्य सचिव होते. १९५० च्या मार्चमध्ये त्यांना उचलून पहिले मुख्य निवडणूक आयुक्त केले गेले. कचेरी नवी, कायदा अजून पुरा व्हायचा, मतदारांच्या याद्या नाहीत, पेट्या नाहीत, आणि पंतप्रधान नेहरूंनी सांगून टाकलेले की १९५१ च्या वसंतात निवडणुका व्हाव्यात. सेनांनी आकडेमोड केली आणि सांगितले, थांबावे लागेल. ज्याच्या सहीने नेमणूक होते त्याला 'थांबा' म्हणणे हे काय असते, ते नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. त्याचा गाजावाजा झाला नाही. गणित मांडले, गणिताने नेहरूंनाही थांबवले.

गणित तरी केवढे! मतदार १७ कोटी ३२ लाख. त्यांतल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना लिहिता-वाचता येत नव्हते. लोकसभा आणि विधानसभा मिळून साडेचार हजारांच्या आसपास जागा, मतदानाची ठिकाणे सव्वादोन लाखांच्या घरात. याद्या टंकलिखित करायलाच सहा महिन्यांसाठी साडेसोळा हजार कारकून लावावे लागले. नाव वाचता येत नसेल तर मत कसे द्यायचे? तर प्रत्येक उमेदवाराला चित्राची खूण, आणि प्रत्येकाची पेटी वेगळी. बैलजोडी हवी असेल त्याने बैलजोडीच्या पेटीत कागद टाकावा, झोपडी हवी असेल त्याने झोपडीच्या. त्या पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक आपल्या मुंबईत, विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. तिजोऱ्या आणि कपाटे करणाऱ्या कामगारांनी देशाच्या मतांसाठी पेट्या ठोकल्या, ही गोष्ट आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात मी तरी वाचलेली नाही. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई लावली. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातल्या चिनी भागात पहिली मते पडली, कारण पुढे बर्फाने वाटा बंद व्हायच्या होत्या. देशाची निवडणूक संपायला १९५२ चा फेब्रुवारी उजाडला.

यातली एक गोष्ट मी माझ्या कामामुळे विसरू शकत नाही. उत्तरेकडच्या अनेक बायकांनी याद्या करणाऱ्यांना आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. आठ कोटींच्या आसपास बायका मतदार होत्या, त्यांत अशा निघाल्या २८ लाख. सेनांनी काय करावे? लिहून घ्यावे 'अमक्याची आई' आणि मोकळे व्हावे. आकडा फुगला असता, सरकार खूश झाले असते, कोणी तक्रारही केली नसती. सेनांनी बिहारला महिनाभराची जास्तीची मुदत दिली, बायकांनी नाव सांगावे म्हणून प्रयत्न करायला लावले, आणि एवढे करूनही ज्यांनी सांगितले नाही त्यांची नावे यादीतून काढली. ओरड झाली. पण मत त्या बाईचे आहे, तिच्या लेकाचे नव्हे, हे एका सरकारी यादीने या देशात इतक्या कडकपणे प्रथमच बजावले.

दोन वर्षांपूर्वी याद्यांच्या तपासणीचे काम आमच्या शाळेतल्या मास्तरांकडे आले होते. (कोणते काम मास्तरांकडे येत नाही?) वाडीतल्या एका घरी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या म्हातारीला मी विचारले, "आजी, तुमचं नाव काय?" ती म्हणाली, "म्हादूची आई." म्हटले, "तसं नव्हे, तुमचं." ती म्हणाली, "म्हादूच्या आदी व्हय? शिरपाची सून." मी हटलो नाही. शेवटी तिने पदर तोंडाला लावला आणि माहेरचे नाव सांगितले. ते इतक्या हळू सांगितले की मला दोनदा विचारावे लागले. त्या नावाने तिला कोणी हाक मारून पन्नास वर्षे झाली असतील. ते नाव लिहिताना मला सेन आठवले. मी त्यांचे छायाचित्रसुद्धा धड पाहिलेले नाही.

सेनांनी दुसरी निवडणूकही घेतली, १९५७ ची. मधल्या काळात, १९५३ साली, सुदान देशातली पहिली निवडणूक घ्यायलाही त्यांनाच बोलावले होते. आणि १९५७ ला लोकांना कळले की पहिल्या खेपेच्या पेट्या या गृहस्थाने पुसून-झाकून जपून ठेवल्या आहेत. दुसरी निवडणूक पहिलीपेक्षा साडेचार कोटी रुपयांनी स्वस्त पडली. घरातली बाई दिवाळीच्या पणत्या कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवते ना, तसे. डिसेंबर १९५८ मध्ये ते खुर्चीवरून उतरले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही.

आता दाजी म्हणतील, मग काय, शेषन नको तर सेन हवा, एवढेच ना? नाही. हाच तर माझा मुद्दा आहे. असा हवा, तसा हवा म्हणत आपण चांगल्या माणसाची वाट पाहात बसतो, आणि खुर्चीचे पाय कोणी कापले ते पाहात नाही.

ही चिंता काही माझ्यासारख्या खेड्यातल्या मास्तराच्या डोक्यातून निघालेली नाही. १९४९ च्या जून महिन्यात घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. शिब्बनलाल सक्सेना यांनी सुचवले की मुख्य आयुक्ताच्या नेमणुकीवर दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश मतांची मोहोर असावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना लपवाछपवी केली नाही. या प्रश्नाने आपल्याला पुष्कळ डोकेदुखी दिली आहे, असे त्यांनी कबूल केले. नेमणुकीनंतर त्या माणसाला संरक्षण द्याल, पण मुळात मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाऊ नये यासाठी काय कराल, अशी त्यांची शंका होती. तोड म्हणून घटनेत एवढे लिहिले गेले की नेमणूक राष्ट्रपतींनी करावी आणि संसदेने हवा तर त्यासाठी कायदा करावा. तो कायदा व्हायला २०२३ साल उजाडले! त्र्याहत्तर वर्षे! आणि तोही केव्हा? सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२३ रोजी बजावले की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश या तिघांच्या समितीने नाव सुचवावे, तेव्हा कुठे घाई झाली. कायदा आला आणि समितीतला सरन्यायाधीशाचा पाट उचलून तिथे पंतप्रधानांनी निवडलेला केंद्रीय मंत्री बसवला. तीन पाटांवर दोन एकाच घरचे! मतभेद झाला तर निकाल काय लागेल, हे तिसरीतला पोरगा बोटांवर मोजून सांगेल.

त्याच कायद्यात आणखी एक मेख आहे. आयुक्त व्हायचे तर सरकारच्या सचिवाच्या दर्जाचे पद भूषवलेले असले पाहिजे. म्हणजे जन्मभर मंत्र्याच्या टेबलासमोर उभा राहून "होय साहेब" म्हटलेला माणूसच त्या मंत्र्याचा पंच होणार. सनदी नोकर वाईट असतात असे नाही. सेन त्यांतलेच, शेषनही त्यांतलेच. पण चाळीस वर्षांची सवय साठाव्या वर्षी एका रात्रीत सुटायची, तर त्या माणसाला खुर्चीची काही मदत हवी. आपण देतो काय? सहा वर्षे किंवा वयाची पासष्ट वर्षे, यांतले जे आधी येईल ते. शेषन यांच्यानंतर २०२५ पर्यंत एकालाही मुख्य आयुक्त म्हणून पुरी सहा वर्षे मिळाली नाहीत. खुर्ची ऊबदार होते न होते तोच निरोपाचा हार.

आणि निरोपानंतर? मला खरी आग लागते ती इथे.

सरकारचा जमाखर्च तपासणारा नियंत्रक व महालेखापरीक्षक एकदा पायउतार झाला की केंद्राच्या वा राज्याच्या सरकारात त्याला पुन्हा कोणतेही पद घेता येत नाही. घटनेच्या १४८ व्या अनुच्छेदात तसे स्पष्ट लिहिले आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षालाही सरकारी नोकरी बंद, तो ३१९ वा अनुच्छेद. पैशाचा हिशेब तपासणाऱ्याला कुलूप, नोकरभरती करणाऱ्याला कुलूप, आणि मतांचा हिशेब करणाऱ्याला? त्याला घटनेत असे कुलूप नाही. २०२३ च्या कायद्याने एवढेच म्हटले की तो पुन्हा त्याच खुर्चीवर बसणार नाही. बाकी साऱ्या खुर्च्या मोकळ्या! आर. के. त्रिवेदी १९८५ पर्यंत मुख्य आयुक्त होते, १९८६ साली गुजरातचे राज्यपाल झाले. व्ही. एस. रमादेवींनी १९९० साली काही दिवस ते पद सांभाळले, पुढे त्या हिमाचल आणि कर्नाटकाच्या राज्यपाल झाल्या. मनोहरसिंग गिल २००१ पर्यंत मुख्य आयुक्त होते, २००४ साली काँग्रेसचे राज्यसभा सदस्य झाले आणि २००८ साली केंद्रात मंत्री. यांच्यापैकी कोणी खुर्चीत असताना बेइमानी केली असे मी सुचवत नाही, आणि कोणी तसे वाचू नये. कायद्याने मुभा होती, त्यांनी घेतली. माझे भांडण मुभेशी आहे. भाऊबीजेच्या ताटात ओवाळणी पडणार हे ठाऊक असले की ओवाळणाऱ्या हाताकडे लक्ष जातेच. माणूस कितीही सज्जन असो.

यावर तीन आक्षेप मी त्याच पंगतीत ऐकले.

व्याही म्हणाले, "हा प्रामाणिक माणसाचा अपमान आहे." मास्तराचा मुलगा शालान्त परीक्षेला बसला की त्या वर्षी मास्तराला त्या केंद्रावर पर्यवेक्षक नेमत नाहीत. माझा मुलगा बसला तेव्हा मलाही नेमले नाही. मला अपमान वाटला नाही, उलट सुटल्यासारखे वाटले. कोणी मला काही मागायला आले नाही.

भाचा वकिली शिकतो. तो म्हणाला, "मामा, लेखापरीक्षकावर बंधन असून काय उपयोग? टी. एन. चतुर्वेदी १९९० पर्यंत लेखापरीक्षक होते, पुढे भाजपचे राज्यसभा सदस्य झाले, राज्यपालही झाले." बरोबर आहे पोराचे. राज्यपालपद ही सरकारची नोकरी नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ सालीच सांगितलेले आहे. मग कुलपाला भोक आहे, एवढेच सिद्ध झाले. भोक आहे म्हणून दारच काढून ठेवायचे काय? नव्या कायद्यात नावे घालून लिहावे: राज्यपालपद नाही, राज्यसभेची जागा नाही, मंत्रिपद नाही, कोणत्या पक्षाचे तिकीट नाही, हयातभर नाही. बदल्यात अखेरचा पूर्ण पगार पेन्शन म्हणून द्यावा. ९७ कोटींच्या जवळपास मतदारांच्या देशाला २०२४ साली साडेदहा लाख मतदान केंद्रे मांडता आली, तर तीन माणसांचे म्हातारपण सांभाळणे जड जाऊ नये.

तिसरा आक्षेप दाजींचा, आणि तो मला लागला. "तुमचे सेनसुद्धा निवृत्तीनंतर बर्दवान विद्यापीठाचे कुलगुरू झालेच की!" झाले. १९६० साली झाले. विद्यापीठाची कुलगुरुकी आणि राज्यपालाचा बंगला यांत फरक आहे असे मी त्या दिवशी जोराने म्हणालो, पण घरी येताना एस.टी.त बसून विचार केला तेव्हा तो फरक मला तितकासा टिकेना. कायदा माणूस पाहून करायचा नसतो. सेनांनाही लागू पडला असता, तर पडायला हवा होता.

निवडणुकीच्या आदल्या रात्री आम्ही मास्तरमंडळी शाळेच्या बाकांवर झोपतो. पहाटे प्रतिनिधींसमोर मतयंत्राची चाचणी, मग मोहोरबंदी, मग दिवसभर बोटांना शाई. केंद्राध्यक्ष म्हणून माझ्या केंद्रावर ज्याच्या-त्याच्या पक्षाचे प्रतिनिधी बसलेले असतात. त्यांतला एक माझा विद्यार्थी, एक माझ्या चुलत्यांचा मुलगा. संध्याकाळी झालेल्या मतांचा हिशेब मी त्यांच्या हातात सही करून देतो तेव्हा तो आकडा कोणी माझ्या तोंडाकडे पाहून तपासत नाही. दिवसभर ठेवलेल्या आपल्या नोंदीशी ताडून पाहतो. हा संशय मला कधी बोचला नाही. माझ्यावर असलेले नियम दिल्लीतल्या वरच्या मजल्यापर्यंत चढत का नाहीत, एवढेच बोचते.

परवा ताईचा फोन आला होता. म्हणाली, "यंदाही बासुंदीच करतेय, पण तो निवडणूक आयोग घरी ठेवून ये बाबा." मी हो म्हटले. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि हो, यांनी कुठून तरी राज्यघटनेचं पुस्तक आणलंय. १४८ वर खूण घालून ठेवलीय."